बोटभर अलीकडे

सावद्याच्या शिंप्यानं माझ्या कराटेच्या ड्रेसला
न विचारता खिसा शिवला.
"बिनखिशाचा मानूस पैसे कुठी ठेवीन, फिरकेशेठ?"
म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.

त्या खिशातून परवा, काताची चौथी पायरी घेताना,
वजनाची पावती पडली जाजमावर.
एकशे बेचाळीस क्विंटल. दिल्ली.
पोरं हसली. हर्षाली हसली नाही.
पायानं तिनं ती भिंतीकडे सरकवली
आणि नजर समोर ठेवली, सर सांगतात तशी.

मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये वर्ग भरतो,
पत्रे दिवसभराचं ऊन रात्री आठपर्यंत परत करत राहतात.
उभं राहायचं पट्ट्याच्या रंगानं.
हिरवा पट्टा माझी पोर, वय दहा, पुढे.
पांढरा मी, सत्तेचाळीस, अगदी शेवटी,
दात पडलेल्या पहिलीतल्या एका पोराशेजारी.
तिथून मला तिच्या डोक्यावरचा भोवरा दिसतो,
डावीकडे वळणारा, माझ्यासारखा.
स्कूटरवर ती मागे बसते,
म्हणून इतके दिवस पाहिलाच नव्हता.

आधी मी बाहेरच थांबायचो,
मोबाइलात केळीचे भाव वरखाली करत.
तडवी सर एकदा दारात आले.
"बसून बसून गादी झाली तुमची. आत उभे राहा."
फीसुद्धा सांगितली नाही.
काट्यावरची माणसं म्हणाली,
"काय भो, आता या वयात कोनाले मारनार?"

आता घड मोजताना तोंडून निघतं
इच, नी, सान, शी.
मजूर हातातला घड तसाच धरून पाहतात.
सातला मी अडकतो, मुकाट्यानं मराठीवर येतो.

केळीचा चीक पांढऱ्यावर पडला की जात नाही.
ललितानं लिंबू केलं, रॉकेल केलं,
मग म्हणाली, असू द्या, तुमचीच नक्षी आहे.

पहिल्या आठवड्यात हर्षालीनं माझी मूठ पाहिली.
"पप्पा, अंगठा आत नका घेऊ. मोडेल."
बोटं एकेक उलगडली, पुन्हा वळली,
अंगठा वरून आडवा ठेवला,
दाराला कडी लावावी तसा.

शुक्रवारी पोरं कमी होती.
पुढच्या हॉलात कुणाची तरी हळद,
डीजे आमच्या पत्र्यांवर नाचत होता.
सरांनी जोड्या लावल्या, उरलो आम्ही दोघं.
वाकलो. वाकताना तिनं पाहिलं
ओळख नसल्यासारखं. तसंच पाहायचं असतं.

सर ओरडून सांगत होते,
"ठोसा पुऱ्या ताकदीचा, पण थांबवायचा बोटभर अलीकडे.
थांबवता येत नसेल तर तो ठोसा नाही,
ती नुसती पडझड."

मी हात वर नेईपर्यंत
तिची मूठ माझ्या नाकासमोर उभी होती.
हलत नव्हती.
उंचवट्यांवर सोललेली कातडी,
खोडरबराचा वास.

दोन वर्षं झाली. दिवाळीआधीची संध्याकाळ.
पावत्यांचं बुक तिनं चित्रांना घेतलं होतं.
ट्रकच्या नंबरांवर मोर, मोरांना चाकं.
माझा हात तेव्हा कुठेच थांबला नव्हता.
शाळेत तिनं सांगितलं, दार लागलं.
हे मला तिच्या बाईंकडून कळलं,
आणि मी त्यांना म्हणालो, हो, दारच.

"पप्पा, डोळे नका मिटू,"
ती हळूच म्हणाली, "मी लावणार नाही."

मग माझी पाळी.
मूठ वळली. अंगठा बाहेर. इच.
हात निघाला, आणि वाटेतच मला कळेना
किती अलीकडे म्हणजे पुरेसं अलीकडे.
थांबलो ते हातभर आधीच.

"फार लांब," ती म्हणाली,
पाय घट्ट रोवून, डोळे उघडे ठेवून.
"जवळ या."