मापाचा दोरा

हेल्मेट घ्यायला निघाले, तर आप्पा म्हणाले, थांब,
डोकं दे इकडं.
आणि ज्या मेणलावल्या दोऱ्यानं चपलेचे पट्टे शिवतात
त्यातला हातभर तोडून
भुवयांच्या दोन बोटं वरून, कानांवरून,
मागच्या उंचवट्यावरून फिरवला.
टोकं भेटली तिथं गाठ.

आमच्या सुभाषनगरातल्या खोलीत डोक्याचं माप
कुणी कधी घेतलं नव्हतं.
भिंतीच्या खिळ्याला टांगलेत ते सगळे पाय,
जुन्या वर्तमानपत्रांवर पेन्सिलीनं फिरवलेले:
एका पैलवानाचा पसरट अंगठा,
एका नवरीचं पाऊल, कागदाला अजून मेंदीचा डाग.

बागल चौकाच्या अलीकडं दोरीला लोंबत होती
अडीचशेवाली, नारळाच्या करवंट्यांसारखी.
मी गाडी जरा हळू केली.
मागून पाठीत चापट.
"ती पोलिसाला दाखवायची हाईत. डोक्याची न्हवंत."

लक्ष्मीपुरीत मुल्लाणींच्या पोरानं काउंटरवर मांडली:
एक अर्धं, हवेशीर.
एक तोंड उघडं ठेवणारं, काचेचं.
एक हनुवटी वर उचलणारं, म्हणाला,
न काढता चहा पिता येतो, ताई.
मग त्यानंच विचारलं, जाता कुठं?

कागल, फाइव्ह स्टार. सेकंड शिफ्ट.
सुटायला साडेबारा, मग हायवे,
आणि गळीत सुरू झालं की
दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही,
रस्त्यावर सांडलेला ऊस.

हे सांगताना मला धनपाल चौगुले दिसत होता.
आमच्याच लाइनवर, लेथला.
अर्धं घालायचा. डोकं शाबूत राहिलं.
आता भाकरी दुधात भिजवून खातो
आणि हसू आलं की हात तोंडाकडं नेतो.

पूर्ण झाकणारं दे, म्हटलं.

पहिलं घातलं ते जांभळं, फुलपाखराचं,
अंबाड्यासकट आत गेलं.
"मान हलव," आप्पा म्हणाले. "न्हाई म्हण."
मी नाही म्हटलं.
हेल्मेटनं जरा उशिरा म्हटलं.
"ऱ्हाऊ दे. अंबाडा सोड, वेणी घाल."

दुसरं ओढून ओढून बसलं.
गाल आत गेले, ओठ माशासारखे पुढं.
चावतंय, मी कशीबशी बोलले.
आणि आप्पांचा चेहरा एकदम उजळला.
चाळीस वर्षं ते हाच एक प्रश्न
लोकांच्या पायांना विचारत आलेत:
"कुठं?"

गालाला.
"मग घे. कपाळाला चावलं असतं तर ठेव म्हटलं असतं.
गालाचं अस्तर महिन्याभरात माणूस ओळखतंय."
उलटं करून त्यांनी वास घेतला,
शिलाईवरून नख फिरवलं,
पट्टा दोन्ही हातांनी असा ओढला
की मुल्लाणींचं पोरगं काउंटरवर वाकलं.
काळी काच बाजूला सारली.
"साडेबाराला हिनं काय बघायचं, अंधारात अंधार?"

किंमत निघाली त्यांच्या दोन जोडांएवढी.
घासाघीस केली नाही.
रोज ऐकणाऱ्याला ती करता येत नसावी.

पैसे मोजत होते तेव्हा
मी त्यांच्या खिशातून तो दोरा काढला
आणि त्यांच्याच डोक्याभोवती फिरवला.
अगं मला कशाला, मी मागं बसणार,
कधीतरी, आठवड्याला एकदा.
मागं बसणाऱ्याचं डोकं काय भाड्यानं आणलेलं असतं?
मुल्लाणींचं पोरगं हसलं.
माझ्या गाठीच्या पुढं दोन बोटं
दुसरी गाठ पडली.
लग्नातल्या फेट्यानंतर
त्यांच्या डोक्याला कुणी इतका वेळ हात लावला नसेल.
ते डोळे मिटून उभे होते,
गिऱ्हाईक उभं राहतं तसे, कागदावर पाय ठेवून.

परत येताना दर ब्रेकला
त्यांचं माझ्यावर आपटायचं, टक्.
उद्यमनगरच्या वळणावर मागून काहीतरी म्हणाले.
काच वर केली. काय?
"चावतंय गं!"
मी मान न वळवता ओरडले,
कुठं?