रकाना अकरा

परळच्या इस्पितळात जिन्याखाली माझं टेबल,
बाजूला डायलिसिसचे रिकामे कॅन रचलेले.
काम सोपं : बारा महिने झाले की फोन लावायचा,
विचारायचं, हातातली फिश्चुला चालू आहे का.

यादीत नावं नसतात, नुसते आकडे.
अठ्ठेचाळीस म्हणजे लडकू नाखवा, खारदांडा,
डावा हात, वय एकसष्ट.
सुई टोचताना सिस्टरला बोंबलाचा भाव सांगायचा.

फोन बायकोनं उचलला.
"गेले ते. नारळी पुनवेच्या आदी."

फॉर्म तिथं संपत नाही.
मी विचारलं, शेवटच्या दिवशी नस चालू होती?

"व्हती की. रातभर व्हती.
मी तिच्यावर हात ठेवूनच निजायची, दोन वर्सं.
लांबून मशीनची होडी जाते ना, तशी गुरगुर.
पहाटं थांबली, तवाच तर जाग आली मला."

रकाना अकरा : यशस्वी.
नियमच तसा आहे,
माणूस गेला तरी नस बंद पडून गेला नाही.
कुलाब्याहून येणारे आकडेवारीवाले दारूवाला साहेब
आलेखाची रेघ खाली उतरवणार नाहीत,
तिच्यावर एक बारीक उभी खूण करतील,
चहाचा कप न उचलता.

"आता फोन नाय ना येनार?"
नाही, म्हटलं.
"बरं," म्हणाली,
आणि ठेवला नाही.
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.

एकोणपन्नास
उचलत नाही.