पोलकं

इसा टाउनच्या जुन्या बाजारात,
तुटक्या पंख्यांच्या ढिगाखाली सापडला:
विलायती कॉमिक, एकोणऐंशीचा अंक,
परग्रहांच्या पाच गोष्टी, त्यातल्या चार क्रमशः.
कोपऱ्यात दहा पेन्स, त्यावर शिक्का दीडशे फिल्सचा.

हा अण्णांच्या हाताखालून गेलेला.
मनामाच्या दुकानात गठ्ठे उतरले की
इन्स्पेक्टर यायच्या आत
उघडे खांदे, मांड्या झाकायचं काम त्यांचं.
बाकीचे कारकून सरळ डांबर फासायचे.
अण्णा पोलकं काढायचे.

गुरूच्या चंद्रावरची राणी,
तीन डोळे, हातात किरणांची बंदूक,
आणि अंगात मार्करचं पोलकं,
कोपरापर्यंत बाही, बाहीला बारीक काठ.
आईच्या पोलक्याला असायचा तसा.
आई तेव्हा देवरुखला. तिचा व्हिसाही क्रमशः.

विकणारा म्हणाला, घाण केलीय कुणीतरी,
शंभर फिल्स कमी दे.
मी पूर्ण अर्धा दिनार दिला,
त्याला वाटलं मला हिशेब येत नाही.

गाडीत एसी लावून पान उन्हात धरलं.
शाई विटून जांभळी झालीय,
आतून हिरवा खांदा दिसतो.
गोष्ट घडते नव्व्याण्णव साली;
यानात माणसं काचेच्या पेट्यांत निजलेली,
घरी पोचायला अजून दोनशे वर्षं.

सगळ्या चौकटी पाहिल्या.
एकीतच बाही अर्धी राहिलीय,
काठ सुरू होतो आणि थांबतो.

इन्स्पेक्टर आला असेल.
किंवा पत्र.