दगड घासणारा

तीन वर्षं आणि वर थोडे महिने,
एवढंच चाललं बेल्शियोर कांदैयाशचं दुकान,
पोर्तोच्या उतारावर, दोरखंडवाल्यांच्या गल्लीत.
मी दगड घासायचो.
वाळू, पाणी, दगडावर दगड,
आठाचा आकडा काढत हात फिरवायचा
कालचा मंत्री पुसून जाईपर्यंत.

तो मेणकट खडूनं काढायचा, सगळं उलटं.
म्हणायचा, "माणूस उलटा काढला की सुलटा छापतो, झेफरीनो."
बिशपचं त्यानं पिंप केलं, तोटी लावून.
न्यायाधीश म्हणजे खारवलेले मासे,
दोरीवर वाळत घातलेले, शेपटीला किमतीची चिठ्ठी.
शनिवारी काचेपुढे हमाल जमायचे.
अक्षरशत्रू सगळे. पहिले हसायचे तेच.

मग जकातीच्या अधिकाऱ्याचं नाक.
एवढं मोठं, की एका नाकपुडीत गलबत शिरतंय,
त्याच्यामागं दुसरं, तिसरं,
आणि बाहेर एकही येत नाही.
आम्ही दाराला आतून फळी लावून शिपायांची वाट बघत बसलो.
आला तो स्वतः. एकटा, छत्री घेऊन.
चित्रापुढे उभा राहून हसला
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
उरलेल्या चाळीस प्रती घेतल्या, रोख मोजून.
म्हणाला, "आता तैलचित्र काढा माझं. दिवाणखान्यासाठी."

तुरुंगाची बेल्शियोरनं तयारी केली होती,
गाठोडंसुद्धा बांधलं होतं.
ह्याची नव्हती.

त्या दिवसापासून नाक मुठीत होतं ते आमचं.

नऊ महिने तो त्या नाकाशी बसला.
लहान काढलं की खोटं.
मोठं काढलं की अधिकारी खूश.
खरडायचा, पुन्हा लावायचा.
रंगाचा असा थर चढला
की अंधारातसुद्धा हाताला लागावं.
खडू डब्यात उन्हानं चिकटून एक झाले.
भाडं आगाऊ रकमेतून जात होतं.
फेब्रुवारीत तापानं गेला. एकोणतिसावं चालू होतं.
चित्र अधिकाऱ्यानं नेलं, तसंच, ओलं.

दगड लिलावात दारूच्या व्यापाऱ्यानं घेतले,
त्यांच्याबरोबर मलाही.
आता त्यांवर बाटल्यांची लेबलं छापतात:
द्राक्षांचा घड, साल, कुठलंसं पदक.
नाकाचा दगड आला की मी हात आखडता घेतो.
चारच फेरे. वाळू बारीक.
मग कधी शाई जास्त झाली
की घडाच्या मागून काहीतरी वर येतं,
फिकट, वाकडं.
मालक ओरडतो, दगड खराब आहे.
खराबच आहे, मी म्हणतो,
आणि पुढचा कागद लावतो.