जन्मस्थळाचा रकाना

अर्जात अठरा रकाने. सतरा मी रात्रीच भरले.
आई : ब्लू मॉर्टगेज. बाप : आयर्लंडहून आणलेला.
रंग : काळपट तांबडा. कपाळावर चांदणी, डावीकडं कललेली.
आयाळीचे तीस केस, मुळासकट, पाकिटात.
जन्मतारीख काही का असेना,
शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी,
मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाचा एक जून लिहिला होता तसा.

राहिला जन्मस्थळाचा.

नवी योजना अशी :
शिंगरू राज्याच्या मातीवर पडलं पाहिजे.
मग ते पुण्यात धावलं, जिंकलं,
तर बक्षिसावर मालकाला वीस टक्के जादा,
पैदास करणाऱ्याला दहा,
शिवाय स्थानिकांच्या राखीव आठ शर्यती,
बाहेरच्या घोड्यानं कुंपणापलीकडून बघायच्या.
सईसाला किती, म्हणून मी पान उलटलं.
सईस हा शब्दच नव्हता.

म्हणून तर दिवस भरत आलेली घोडी
विजापूरकडच्या फार्मवरून घाईनं उचलली.
ट्रकात भाताचं तूस, कोपऱ्यात लसूणघास,
मागं लाडलेसाब, पुढं मी, मांडीवर कागदांची पिशवी.

धूळखेडच्या ढाब्यापाशी त्यानं फळी ठोकली.
"म्याडम, पाणमोट फुटली. हिला आता कागद कळत नाय."
मालक फोनवर : पूल ओलांडा. काय वाट्टेल ते करा, पूल ओलांडा.
घोडीला फोन देता येत नव्हता.

ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला. खाली भीमा,
वाळू उपसून उपसून खड्ड्याखड्ड्यांत उरलेली.
पुलाच्या मधोमध मागून आवाज आला,
ओलं पोतं उतरवल्यासारखा.
ट्रक थांबला.
लाडलेसाबनं बोटानं नाक मोकळं केलं,
चाटी गल्लीतून बहिणीसाठी घेतलेला नवा टॉवेल
घडी मोडून तिच्या अंगावर घातला, घासत राहिला.
"मादी हाय," म्हणाला,
आणि तिच्या कानात कन्नडमधून काहीतरी, बराच वेळ.

मी खाली उतरले. मोबाईलच्या उजेडात शोधलं.
रेघ नव्हती.
कठड्याच्या या टोकाला पानाची पिंक,
त्या टोकाला पानाची पिंक.

हा रकाना मला ठाऊक आहे.
आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, इंडीला,
सकाळची एसटी धरली तर जेवायला परत येता येतं तिथं.
पुढं नर्सिंगच्या यादीत माझं नाव अकरावं लागलं
आणि टेबलामागचा माणूस म्हणाला, जन्म तिकडचा.
मी म्हटलं, वाढले सोलापुरात,
अशोक चौकात, विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपाशेजारी,
तंबाखूच्या वासात पाढे पाठ केले.
तो वाईट नव्हता. चहा पण विचारला.
म्हणाला, वाढल्याचा रकाना नाही.

मंद्रूपला पोचेपर्यंत पोर उभी राहायला लागली होती.
चार पाय चार दिशांना, पडली,
पुन्हा तेच, पुन्हा पडली,
मग ट्रकच्या हिसक्याशी जुळवून घेऊन उभीच राहिली
आणि चुकीच्या ठिकाणी दूध शोधू लागली,
लाडलेसाबच्या कोपराला, खिशाला.
मालकांनी पेढे वाटले. त्याला पाचशे रुपये
आणि एक चादर, मोराची. टॉवेलचं कुणी विचारलं नाही.

सकाळी ऑफिसात, पंख्याखाली, मी लिहिलं :
टाकळी, जिल्हा सोलापूर.
अकरा अक्षरं असतील नसतील. हात कापला नाही.
त्या टेबलामागच्या माणसाकडंही
असलंच पेन होतं, निळं, टोपण चावलेलं.

साक्षीदाराची सही लाडलेसाबनं केली,
जीभ दातांत धरून, हळूहळू.
खाली पत्ता लिहिला,
धूळखेड.
मी तो तसाच राहू दिला.