डोकं पुढं, टोक मागं

गुजरांच्या सुनेचा ब्लाऊज.
मी तिच्या खांद्यावर टाचण लावत होते,
चार टाचण्या ओठांत धरून, नेहमीसारख्या.
ती नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायला लागली
आणि मी हसले.
एवढंच.
हातात तीन टाचण्या आल्या.

तासगावात प्रत्येकीला औषध माहीत.
सहा केळी खा. भाताचा गोळा न चावता गिळ.
कापूस दुधात बुडवून.
शेजारची हसीना म्हणाली, बोटं घाल, उलटी काढ.
मी गप्प. घशात टाचणी टोचतेय
की नुसती भीती, कळेना.

सांगलीच्या सिव्हिलला पहिला प्रश्न: काही खाल्लंत?
नाही.
बरं केलंत.
अंगावरच्या पिना काढून ठेवा बाई, एक्स-रेवाला म्हणाला.
सगळ्या काढल्या मी.
एक तेवढी राहिली.

डॉक्टर तांबोळी, माझ्या थोरल्याएवढा पोरगा,
फिल्म उजेडाला धरून उभा.
माझा कणा, माझ्या बरगड्या,
आणि खाली एक पांढरी रेघ, टाक्याएवढी.
"दुर्बिणीच्या पुढं गेलीय. आता वाट बघायची.
डोकं पुढं, टोक मागं, असं चाललंय तिचं.
आतड्याला बहुतेक वेळा जमतं ते.
जुलाबाचं काही घ्यायचं नाही.
पोट दुखलं, ताप आला, काळं पडलं,
तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही."

रोज एक फोटो.
सोमवारी बेंबीजवळ, मंगळवारी उजव्या कुशीला,
बुधवारी तिथंच.
बुधवारी तिथंच, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर
यांची सही घेऊन ठेवली.
रात्रभर पोटावर हात. कूस बदलली नाही.
बावीस वर्षं कापड कसं निमूट पडून राहिलं
माझ्या हाताखाली.

शुक्रवारच्या फिल्मवर नुसती मी.
सापडली का, सगळ्यांनी विचारलं.
यांनी घरची चहाची गाळणी आणली होती,
ती तिथंच टाकून आलो.

आता लोहचुंबकाची वाटी आहे मशीनवर.
परवा पाटलीणबाई आल्या,
मागच्या दोन ब्लाऊजांचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या.
ओठांत टाचण्या असल्या की एकच शब्द निघतो: हं.
इतकी वर्षं तोच गेला त्यांना.
सहाशे चाळीस, मी म्हणाले.
त्या पर्समध्ये शोधत राहिल्या.
मी टेप गळ्यात टाकून
थांबले.