काउंटरवरून

हे नको नेऊस. हे सगळेच नेतात,
ह्यात शेवटी पऱ्या येतात आणि सगळं नीट होतं.
आईला सांग, गणिताचं गाइड आत चौथ्या कपाटात आहे,
शोधायला वीस मिनिटं लागतील तिला.
तेवढ्यात ऐक.

हे घे. ‘अंधाराची डबी’.
एका शहरात रात्रच रद्द केलीय.
दिवे विझत नाहीत, पडदा ओढला तर दंड,
आणि एक मुलगी, तुझ्याएवढी, दात थोडे पुढे,
तपकिरीच्या डबीत अंधार भरून विकते.
चिमूट चिमूट. झोप न येणाऱ्या बायकांना.
मी हे पुराच्या आठवड्यात वाचलं.
विश्वामित्री रस्त्यावर आलेली, वीज तीन दिवस नाही,
समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर
स्कूटरींच्या रांगेत शिस्तीत बसलेली,
आणि मेणबत्तीजवळ मी
त्या पोरीला ओरडून सांगतेय, अगं इकडे ये,
इथे फुकट आहे, पोतंभर ने!
मिस्टर म्हणाले, कुणाशी बोलतेस?

वय? अठ्ठावन्न संपतील चैत्रात.
मागे ‘तेरा ते अठरा’ छापलंय. छापू दे.
दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीत
सगळ्या गुडघ्यांविषयी बोलतात,
मी म्हणते, ‘पटावरचा एकतीस’ वाचा गं.
एकतीस नंबरचा मुलगा मेलाय
आणि त्यालाच कुणी सांगितलेलं नाही.
रोज हजेरीला हजर म्हणतो.
सर एकतीसपाशी जरासे थांबतात, इतकंच,
आणि त्याला वाटतं, सरांचा आपल्यावर जीव आहे.
पान एकशे बारावर कळतं त्याला.
तिथे एक डाग आहे. रजिस्टरमध्ये मी
‘चहा’ असं लिहिलंय.

हसतोस काय, प्रद्युम्न?
भुताच्या गोष्टीत भुताचं काही नसतं रे.
त्याची आई अजून दोन डबे भरते,
गोष्ट त्या दुसऱ्या डब्याची आहे.

हे तिसरं, ‘भिंतीचा श्वास’. खरं सांगू?
पहिली साठ पानं रटाळ.
नायिकेला दोन मुलं आवडतात,
दोघांतला एकही घरात घेण्यासारखा नाही.
पण एकसष्टाव्या पानावर ती सरकारी भिंतीला कान लावते
आणि आतून कुणीतरी तिचा श्वास मोजत असतं.
मी पुस्तक फ्रिजवर ठेवून आले.
मग परत जाऊन घेतलं. दीड वाजला होता.

श्रीखंडेबाई म्हणतात, मुलांना असलं काय देता?
बाई, मी म्हटलं नाही, पण तुला सांगते,
आमच्या लहानपणी कर्फ्यू लागायचा.
मी आणि समोरची फाल्गुनी
गच्चीवरून गच्चीवर दोरीने पुस्तकं बदलायचो.
एकदा दोरी तुटली, पुस्तक खाली रस्त्यात पडलं,
आणि सहा दिवस ते तसंच उघडं पडलेलं,
वाऱ्याने पानं उलटत होती,
आम्ही दोघी वरून बघत होतो, कुठपर्यंत आलं.
तेव्हा असली पुस्तकं आमच्यापर्यंत आली नव्हती.
आम्हाला वाटायचं, हे फक्त आपल्याच पोळीत होतं.

‘डबी’चा तिसरा भाग अजून आलेला नाही.
येईल तेव्हा मी इथे नसेन.
तू वरच्या मजल्यावर जाशील, तिथली जमीन काचेची,
खालून वाचणाऱ्यांचे तळवे दिसतात, धुरकट.
संध्याकाळी दिवे मालवताना मी कधीकधी मोजते.
माणसं सात, तळवे सोळा.
कुणाला सांगितलेलं नाही. तूही नको सांगू.

आली आई. दे, गाइडवरही शिक्का मारते.
हो हो ताई, हुशार आहे तुमचा मुलगा.
चौदा दिवस.
उशीर झाला तर दंड मी भरीन,
पण एकशे बारावर थांबायचं नाही हं,
रडत रडत पान उलटायचं.